आदिलाबादचे पाणी : एका जिल्ह्यातून दिसणारे जलचक्र

तेलंगणा राज्याच्या उत्तर टोकाला, महाराष्ट्राच्या यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांना लागून आदिलाबाद जिल्हा आहे. पूर्वी हा जिल्हा बराच मोठा होता. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी त्याचे विभाजन होऊन निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद हे तीन जिल्हे वेगळे झाले. निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग असलेल्या या प्रदेशात आजही तेलुगूबरोबर मराठी, गोंडी, कोलामी, उर्दू आणि लंबाडी या भाषा बोलल्या जातात. मराठी माध्यमाच्या सरकारी शाळाही येथे आहेत. अशा एखाद्या शाळेच्या वर्गात पाण्याला मराठीत पाणी, तेलुगूत नीळ्ळु आणि गोंडीत येर म्हणणारी मुले एकाच बाकावर बसलेली असतात.

पाणी या नैसर्गिक संपत्तीचा आणि जलचक्राचा धडा प्राथमिक व माध्यमिक वर्गांच्या पाठ्यपुस्तकांत असतो. समुद्र, सूर्य, ढग, डोंगर, नदी आणि त्यांना जोडणारे बाण असे एक चित्र त्यात ठरलेले असते. चित्र चुकीचे नाही. मात्र त्यातला डोंगर कोणता, नदी कोणती आणि बाणाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचायला किती दिवस लागतात, हे त्यात सापडत नाही. आदिलाबाद जिल्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असल्यामुळे तेथे हे बाण लांब होतात आणि म्हणूनच स्पष्ट दिसतात.

पाणी किती आणि कोणाच्या वाट्याला

पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सुमारे ७१ टक्के भाग पाण्याने व्यापलेला आहे. या सगळ्या पाण्याचे शंभर लिटर मानले, तर त्यातले साडेसत्त्याण्णव लिटर खारे असते. उरलेल्या अडीच लिटर गोड्या पाण्यापैकी पावणेदोन लिटरच्या आसपास ध्रुवप्रदेशांत आणि उंच पर्वतांवर बर्फाच्या रूपाने गोठलेले आहे. पाऊण लिटरच्या आसपास भूगर्भात आहे. जगातल्या सर्व नद्या आणि गोड्या पाण्याची सरोवरे यांच्या वाट्याला येते ते चमचा-दीड चमचा पाणी. माणसाची शेती, गावे, शहरे आणि कारखाने प्रामुख्याने या चमच्यावर आणि भूगर्भातल्या पाण्याच्या हाती लागणाऱ्या भागावर चालतात.

हा चमचा रिकामा होत नाही, कारण तो सतत भरला जातो. पाणी नवीकरणक्षम संपत्ती आहे असे म्हणतात त्याचा अर्थ एवढाच. कोळसा जाळला की संपतो. पाणी वापरले तरी वाफ होऊन, पाऊस होऊन परत येते. परंतु ते कधी, कोठे आणि किती परत येईल हे वापरणाऱ्याच्या हाती नसते. आदिलाबादमध्ये वर्षाकाठी सरासरी हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेलंगणात हा जिल्हा चांगल्या पावसाचा गणला जातो. गोव्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, त्याच्या तुलनेत हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याएवढे आहे. तरीही हजार मिलिमीटर हा आकडा लहान नाही. अडचण अशी की, यातला बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो आणि उरलेले आठ महिने त्यावर काढावे लागतात.

ढग कोठून येतात

नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दोन शाखा आहेत. अरबी समुद्रावरून येणारी शाखा प्रथम सह्याद्रीला अडते. डोंगर चढताना हवा वर जाते, थंड होते, तिच्यातल्या बाष्पाचे थेंब बनतात आणि कोकण-गोव्यात धो धो पाऊस पडतो. घाट ओलांडून पलीकडे उतरेपर्यंत या वाऱ्यातील बरेच बाष्प खर्ची पडलेले असते. म्हणूनच मध्य महाराष्ट्राचा मोठा पट्टा कोरडा राहतो.

आदिलाबाद त्या कोरड्या पट्ट्याच्याही पूर्वेला असूनही तेथे पाऊस बरा पडतो, याचे कारण दुसरी शाखा. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरावर कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरून छत्तीसगड, विदर्भाच्या दिशेने सरकतात. त्यांच्या भोवती फिरणारे ओलसर वारे उत्तर तेलंगणालाही भिजवून जातात. असे एखादे क्षेत्र जवळून गेले की दोन-तीन दिवस झड लागते. एकही आले नाही की जुलैमध्येसुद्धा कापसाची रोपे माना टाकतात. या जिल्ह्यातील कापूस मुख्यतः पावसावर घेतला जातो, त्यामुळे दोन पावसांमधील खंड किती दिवसांचा, हा प्रश्न वर्षाच्या एकूण पावसाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

समुद्रावरून निघालेल्या बाष्पाचा कण हवेत फार काळ राहत नाही. सरासरी आठ-दहा दिवसांत तो पाऊस, दव किंवा हिम होऊन खाली येतो. जगभर होणाऱ्या बाष्पीभवनापैकी सुमारे ८६ टक्के समुद्रावरून होते. बाकीचे जमीन, तलाव, नद्या आणि झाडे यांच्याकडून होते. झाडांचा हा वाटा मुले सहसा विसरतात. आदिलाबादच्या जंगलात साग विपुल आहे. सागाचे पान ताटाएवढे मोठे असते आणि पावसाळ्यात त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी सतत वाफेच्या रूपाने बाहेर पडते. यालाच बाष्पोत्सर्जन म्हणतात. मुळांनी जमिनीतून शोषलेल्या पाण्याचा फार मोठा भाग अशा रीतीने हवेत जातो. उन्हाळा जवळ आला की साग पाने गाळतो. पाणी वाचवण्याची ही त्याची रीत आहे. हिरव्या फांदीला पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधून उन्हात तासभर ठेवली, तर आतल्या बाजूला जमलेले थेंब वर्गातल्या कोणालाही दाखवता येतात.

आदिलाबादचा उन्हाळा कडक असतो. तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. मे महिन्यातील कोरड्या वाऱ्यात उघड्या तलावाची पातळी केवळ बाष्पीभवनाने दिवसाला सुमारे एक सेंटिमीटर उतरू शकते. एक सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण एक हेक्टर पसरलेल्या पाण्यावर ते एक लाख लिटर होतात. उथळ आणि पसरट तळे लवकर आटते व खोल, अरुंद तळे टिकते, ते यामुळेच. घरातला माठ याच नियमावर चालतो. मातीच्या छिद्रांतून झिरपलेले पाणी वाफ होताना माठातील उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यासाठी लागणाऱ्या उष्णतेत बर्फासारखे थंड असे जवळपास सहा लिटर पाणी उकळीपर्यंत तापवता येईल, इतकी ती उष्णता मोठी असते. ढग बनताना हीच उष्णता परत हवेत सोडली जाते आणि वादळांना बळ पुरवते.

हिवाळ्यात चित्र उलटे होते. तेलंगणात सर्वांत कडाक्याची थंडी पडते ती याच भागात. रात्रीचे तापमान एक आकडी होते. पहाटे ज्वारीच्या आणि हरभऱ्याच्या पानांवर दव साचते. पाऊस गेल्यावरही जलचक्र थांबलेले नसते, याचा पुरावा एवढ्यासाठी वेगळा शोधावा लागत नाही.

डोंगराच्या दोन उतारांवर

जिल्ह्यातून सातमाळा डोंगररांगेच्या टेकड्या जातात. या टेकड्यांवर पडलेल्या पावसाच्या दोन वाटा होतात. उत्तरेच्या उतारावरील पाणी पैनगंगेला मिळते. बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या रांगेत उगम पावणारी ही नदी आदिलाबादच्या उत्तर सीमेवरून वाहते. एका काठावर महाराष्ट्र, दुसऱ्या काठावर तेलंगणा. पुढे ती चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा नदीला मिळते, वर्धा वैनगंगेला भेटून दोघींची प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचासमोर, काळेश्वरमजवळ गोदावरीत विलीन होते.

दक्षिण उतारावरील पाणी कडेम नदीतून जाते. बजारहत्नूर परिसरात उगम पावणारी ही नदी नेरेडिगोंडा मंडलात कुंतला येथे सुमारे ४५ मीटर उंचीवरून कोसळते. कुंतला हा तेलंगणातील सर्वांत उंच धबधबा म्हणून ओळखला जातो. तीनशे मीटरहून उंच असलेला दूधसागर पाहिलेल्या गोमंतकीय वाचकाला ही उंची लहान वाटेल. पण ऑगस्टमध्ये त्याचा आवाज ऐकणारा असे म्हणणार नाही. तेथून कडेम निर्मल जिल्ह्यातील धरणात पोहोचते आणि नंतर गोदावरीत. दोन्ही वाटा अखेर एकाच नदीला मिळतात. गोदावरी भद्राचलमवरून, पापिकोंडाच्या डोंगरांमधून, राजमहेंद्रवरमजवळच्या दौलेश्वरमच्या बंधाऱ्यावरून बंगालच्या उपसागरात जाते. ज्या समुद्रावरून आदिलाबादचे ढग आले, त्याच समुद्रात त्या ढगांचे पाणी परतते. नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरला अरबी समुद्रापासून अवघ्या ऐंशी किलोमीटरांवर उगम पावलेली गोदावरी मात्र त्या जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर पूर्वेकडे जाते. पठाराचा उतारच तसा आहे.

नदीला पाणी येते कोठून, हा प्रश्न माणसाला फार उशिरा सुटला. एवढ्या मोठ्या नद्या नुसत्या पावसावर भरत असतील यावर युरोपातील विद्वानांचा शतकानुशतके विश्वास नव्हता. समुद्राचे पाणी जमिनीखालच्या गुप्त वाटांनी डोंगरात चढते, असे काहींचे मत होते. १६७४ मध्ये पिएर पेरो या फ्रेंच गृहस्थाने सेन नदीच्या उगमाकडील खोऱ्यात किती पाऊस पडतो आणि नदीतून किती पाणी वाहते याचा साधा हिशेब मांडला. पाऊस नदीच्या पाण्याच्या जवळपास सहापट निघाला. मग उरलेले पाच भाग कोठे गेले, हा पुढचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर म्हणजेच बाष्पीभवन, झाडे आणि भूजल.

पाणी नको इतके आले तर काय होते, हे कडेम धरणाने जुलै २०२२ मध्ये दाखवले. सततच्या पावसाने धरणात सेकंदाला पाच लाख घनफुटांच्या आसपास पाणी येऊ लागले. दरवाजे जेवढे पाणी बाहेर सोडू शकतात ते प्रमाण सुमारे तीन लाख. पाणी धरणाच्या माथ्यापर्यंत चढले आणि खालच्या गावांतील लोकांना रातोरात हलवावे लागले. एक घनफूट म्हणजे २८ लिटरांहून थोडे अधिक; पाच लाख घनफूट म्हणजे दर सेकंदाला जवळपास दीड कोटी लिटर. धरण टिकले. पण ज्या जिल्ह्यांत मे महिन्यात घागरभर पाण्यासाठी पायपीट होते, त्याच जिल्ह्यांत दोन महिन्यांनी असे घडते, हे ध्यानात घेतल्याशिवाय तेथील पाण्याचा प्रश्न कळत नाही.

खडकाच्या पोटात

आदिलाबादच्या मोठ्या भागात खाली काळा बेसाल्ट आहे. महाराष्ट्राचे पठार ज्या लाव्हारसाने बनले त्याचीच ही कडा. काही भागांत चुनखडक आढळतो. भूशास्त्रात त्याला पैनगंगेचेच नाव मिळाले आहे. बेसाल्ट स्वतः पाणी शोषत नाही. त्याच्या भेगांत, सच्छिद्र थरांत आणि झिजलेल्या वरच्या मुरमात जेवढी जागा असेल तेवढेच पाणी मावते. त्यामुळे पडलेल्या पावसाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच पाणी खोल मुरते. एका शेतातील विहिरीला भरपूर पाणी आणि शेजारच्या शेतातली कोरडी, हा अनुभव या खडकामुळे येतो.

वर असते काळी माती. ती ओली झाली की फुगते, तिचे तोंड मिटते आणि पुढचा पाऊस वरूनच वाहून जातो. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मात्र एकदा भिजलेली काळी माती ओल दीर्घकाळ धरून ठेवते. पावसाळा संपल्यावर पाणी न देता केवळ त्या ओलीवर हरभरा आणि ज्वारी पिकवण्याची पद्धत यातूनच आली. डोंगरावरची माती मात्र पातळ आणि मुरमाड. पाणी तेथे थांबत नाही.

डोंगरातल्या गोंड आणि कोलाम पाड्यांवर उन्हाळ्याच्या अखेरीस ओढ्याचे पात्र कोरडे पडते, तेव्हा वाळूत हातभर खोल खड्डा खणतात. विदर्भात याला झिरा म्हणतात, तेलुगूत चेलमा. वरून नदी संपलेली दिसते, पण वाळूच्या कणांमधून पाणी हळूहळू सरकत असते आणि खड्ड्यात पाझरते. वाटी-वाटीने घागर भरायची, पुन्हा पाणी जमेपर्यंत थांबायचे. वाळूतून गाळले गेल्यामुळे हे पाणी नितळ दिसते. नितळ पाणी शुद्ध असतेच असे नाही. वाळू गाळ अडवते. पटकी आणि अतिसाराचे सूक्ष्म जंतू तिच्यातून सुटतात. पहिल्या पावसानंतर वरच्या अंगाची घाण झिऱ्यात उतरली की पाड्यांवर अतिसाराची साथ येण्याचा धोका वाढतो. म्हणून पाणी उकळणे किंवा त्यात ठरल्या प्रमाणात क्लोरीन टाकणे आवश्यक असते. घागर भरण्याचे काम बहुधा बायका आणि मुलींकडे असते, आणि झिऱ्यापाशी गेलेला वेळ शाळेच्या वेळेतून जातो. पाठ्यपुस्तकातील चित्रात हा बाण काढलेला नसतो.

घरोघरी नळाने पाणी देणारी मिशन भगीरथ ही योजना तेलंगणात ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली. ग्रामीण भागात माणशी दररोज १०० लिटर पाणी हे तिचे उद्दिष्ट. गोदावरी व कृष्णा या नद्यांचे आणि जलाशयांचे पाणी शुद्ध करून नळांतून चढवले जाते. डोंगरातल्या विखुरलेल्या पाड्यांपर्यंत नळ नेणे व तो उन्हाळ्यात चालता ठेवणे हे यातले सर्वांत कठीण काम आहे. ज्या पाड्यावर नळाला पाणी येत नाही, तेथे झिरा अजून खणला जातो.

तलाव, बंधारे आणि वाटप

तेलुगूत ओढ्याला वागू आणि तलावाला चेरुवू म्हणतात. काकतीय राजांच्या काळापासून तेलंगणात ओढ्यावर मातीचा बांध घालून तलाव करण्याची परंपरा आहे. एका तलावाचे जादा पाणी खालच्या तलावात, तिथून त्याच्या खालच्या तलावात, अशी त्यांची साखळी असे. गाळ साचून निकामी झालेले हजारो तलाव पुन्हा खोल करण्यासाठी २०१५ मध्ये मिशन काकतीय हाती घेण्यात आले. काढलेला गाळ शेतकऱ्यांनी शेतात नेऊन टाकावा, अशी त्यात सोय होती. तळ्याचे पोट मोकळे होते आणि शेताला सुपीक माती मिळते. सरकारी योजनांत इतकी साधी आणि उपयोगी कल्पना क्वचित दिसते.

आदिलाबादमध्ये पैनगंगेच्या उपनद्यांवर सातनाला आणि मत्तडिवागू हे मध्यम प्रकल्प आहेत. यातल्या पहिल्या नावातला नाला मराठी कानाला ओळखीचा वाटेल. पैनगंगेवर चनाखा-कोरटा येथे बंधारा बांधला गेला. त्याचे एक टोक महाराष्ट्रात व दुसरे तेलंगणात. सीमेवरच्या नदीत बांधकाम करायचे तर दोन्ही राज्यांची संमती लागते, आणि तसा करार ऑगस्ट २०१६ मध्ये झाला. त्याआधी गोदावरी खोऱ्यातील राज्यांमधील पाणीवाटपाचा निवाडा लवादाने १९८० मध्ये दिला होता. म्हादईच्या वादामुळे लवाद हा शब्द गोव्यातील शाळकरी मुलांनाही नवा नाही. अशा कागदपत्रांत पाणी टीएमसीमध्ये मोजतात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर.

पाण्याचा विचार येथे केवळ लिटरांत होत आलेला नाही. निजामाच्या राजवटीविरुद्ध लढताना १९४० मध्ये मारल्या गेलेल्या कोमरम भीम यांच्या नावाशी ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा जोडली गेली आहे. इंद्रवेल्ली मंडलातील केस्लापूरला पौष अमावास्येच्या रात्री नागोबाची जत्रा सुरू होते. तिच्यासाठी मेस्राम कुळातील गोंड जन्नारमजवळील हस्तिनामडुगू येथे गोदावरीवर जातात, पात्रात पाणी भरून घेतात आणि अनवाणी, कित्येक दिवसांची वाट चालत ते केस्लापूरला आणतात. त्या पाण्याने नागोबाची पूजा होते. कुंतल्यावरून उतरून गोदावरीला मिळालेले पाणी अशा रीतीने माणसांच्या हातांवर पुन्हा डोंगर चढते.

शाळेत मोजता येईल असे

पावसाचे मोजमाप मिलिमीटरमध्ये करतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर सपाट जागेवर पडलेले एक लिटर पाणी. हा हिशेब एकदा लक्षात बसला की बाकीचे सोपे होते. सरळ बाजूंची, सपाट तळाची बाटली गळ्याखाली कापून वरचा भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवावा, बाहेरून पट्टी चिकटवावी आणि झाडाखाली किंवा भिंतीलगत न ठेवता मोकळ्या मैदानात ठेवावी. रोज सकाळी साडेआठ वाजता, म्हणजे भारतीय हवामान खात्याची नोंद होते त्याच वेळी, आकडा लिहून बाटली रिकामी करावी.

शाळेचे छप्पर १०० चौरस मीटरचे असेल आणि वर्षात १,००० मिलिमीटर पाऊस पडला, तर छपरावर एक लाख लिटर पाणी पडते. सांडलेले, उडालेले आणि पहिल्या पावसाचे धूळमिश्रित सोडून दिलेले पाणी वजा करून ऐंशी हजार लिटर हाती लागतात असे धरले आणि शाळेत दोनशे मुले असली, तर प्रत्येकाच्या वाट्याला चारशे लिटर येतात. दिवसाला दोन लिटर पिण्याचे पाणी धरल्यास ते दोनशे दिवस पुरते. शाळेचे वर्षही साधारण तेवढ्याच दिवसांचे भरते.